भरावाखालचं खाचर

एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर जमीन. त्या गुंठ्यावर दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १० हजार लिटर पाणी पडलं. उन्हाळ्यात वाडीवर येणारा मोठा टँकर तेवढंच पाणी आणतो. म्हणजे चाळीस गुंठ्यांच्या एका एकरावर एका दिवसात चाळीस टँकर. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत जुलैमध्ये १०० मिलिमीटरचा दिवस कुणाला नवा नसतो. हे पाणी त्या दिवशी कुठं जातं, किती वेळात जातं आणि वाटेत कुणाच्या घरात शिरतं, हे आधी समजून घ्यायला हवं. गाड्या आणि त्यांचा धूर पुढे येईलच. पण मुंबईचं उपनगर या दोन तालुक्यांत पसरत चाललं आहे, त्याचा हिशेब धुरापासून मांडायला घेतला तर अर्धाच राहतो.

सुरुवात भातखाचरापासून करू. खाचराला चारी बाजूंनी वीत-दीड वीत उंचीचा बांध असतो. आवणी, म्हणजे रोपांची लावणी, झाल्यावर खाचरात चार-पाच बोटं पाणी उभं असतं आणि त्यावर बांधाच्या माथ्यापर्यंत थोडी जागा मोकळी राहते. मोठा पाऊस आला की ती मोकळी जागा भरते. ती १० सेंटिमीटर धरली, तरी एका गुंठ्यात १० हजार लिटर जादा पाणी थोपलं. म्हणजे १०० मिलिमीटरचा अख्खा पाऊस त्या गुंठ्याने स्वतःच्या अंगावर घेतला. मग शेतकरी बांधाला तोंड पाडून ते खालच्या खाचरात सोडतो, तिथून ते त्याच्या खालच्या खाचरात जातं. डोंगराच्या पायथ्यापासून नदीपर्यंत अशी शेकडो खाचरं पायऱ्यांसारखी उतरलेली असतात. वरून तासाभरात आलेलं पाणी नदीला मिळायला त्यामुळे कित्येक तास लागतात. चिखलणीमुळे खाचराचा तळ घट्ट बसतो, त्यामुळे त्यातून जमिनीत मुरणारं पाणी फार नसतं. खाचर भूजल भरपूर वाढवतं असं म्हणणं बरोबर नाही. त्याचं मोठं काम पाणी अडवून हळू सोडण्याचं आहे. कुठल्याही सरकारी योजनेत त्याची नोंद धरण म्हणून नाही, पण एकत्र मोजली तर उल्हास आणि पाताळगंगेच्या खोऱ्यातली भातशेती पावसाळ्यातलं एक मोठं, उथळ, पसरलेलं धरणच आहे.

मुरवण्याचं काम वरकस जमीन करते. खाचरांच्या वर, डोंगराच्या उतारावर जी गवताची, नाचणी-वरीची, राबासाठी पालापाचोळा देणारी जमीन असते ती वरकस. तिच्यावर गवताची मुळं, पाला, भुसभुशीत माती असते. पाणी तिथं थबकतं, मातीत शिरतं, खालच्या झिजलेल्या बेसॉल्टच्या फटींतून सरकतं आणि दिवाळीनंतरही पायथ्याच्या विहिरीत, ओहोळात झिरपत राहतं. सह्याद्रीचा खडक काळा आणि घट्ट आहे. पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये, आणि हा साठा पातळ असतो. म्हणूनच ज्या तालुक्यात चार महिने छत्री मिटत नाही, त्याच तालुक्यातल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांतल्या बायका एप्रिलमध्ये हंडे घेऊन डोंगर उतरतात. पाऊस कमी पडतो म्हणून ही वेळ येत नाही. पडलेलं पाणी धरून ठेवणारा थर मुळातच उथळ आहे, आणि त्या थराचं तोंड आपण बंद करत चाललो आहोत.

ते कसं बंद होतं, हे एखाद्या प्लॉटिंगच्या जागेवर पावसाळ्याआधी गेलं की नीट दिसतं. पहिल्यांदा वरकस विकली जाते, कारण तिच्यातून पीक कमी येतं आणि तिथून डोंगर चांगला दिसतो. जेसीबी उतार कापतो आणि सपाट टप्पे करतो. कापलेला मुरूम डंपरमध्ये भरून खाली नेतात आणि खाचरात टाकतात, कारण खालची जमीन पाणथळ असते आणि तिथं घर बांधायचं तर ती शेजारच्या रस्त्यापेक्षा उंच करावी लागते. हाच भराव. खाचर आधी आजूबाजूच्या खाचरांच्या पातळीत होतं, आता ते तीन-चार फूट वर येतं. त्याला चारी बाजूंनी कंपाउंडची भिंत बसते. आत सिमेंटचा रस्ता, पेव्हर ब्लॉक, पोर्च, थोडं विकतचं लॉन. शेवटी दर्शनी कमान.

आता त्याच गुंठ्यावर तोच १०० मिलिमीटर पाऊस पडला तर काय होतं? छतावरचं आणि फरशीवरचं पाणी थांबायला जागाच नाही. ते काही मिनिटांत गटारात येतं. लॉनखाली दाबून बसवलेला मुरूम असतो, तोही फारसं पीत नाही. पूर्वी जे पाणी या खाचरात थांबायचं ते आता बाहेर पडतं, आणि वरच्या खाचरांतून यायचं तेही भिंतीला अडून बाजूने वाट काढतं. म्हणजे एका खाचराच्या जाण्याने दोन प्रकारचं पाणी शेजाऱ्याकडे जातं. शेजारी बहुतेक वेळा तो शेतकरी असतो ज्याने जमीन विकलेली नाही. त्याचा बांध फुटतो, आवणी वाहून जाते, खाचरात मुरूम येऊन बसतो. दोन-तीन पावसाळे असे गेले की तोही गिऱ्हाईक शोधू लागतो. पुष्कळ ठिकाणी जमीन अशी एकेक करून फुटत जाते. पहिला भराव पुढच्या विक्रीला कारण होतो.

जमीन विकणाऱ्याला दोष देणं सोपं आहे, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. एकरी पंधरा क्विंटल भात झालं आणि २०२४-२५चा साध्या भाताचा २३०० रुपयांचा हमीभाव पुरता मिळाला, तरी हातात येतात ३४ हजार ५०० रुपये, आणि त्यातून मजुरी, खत, नांगरट वजा व्हायची असते. त्याच जमिनीला गुंठ्यामागे लाखांत भाव बोलला जातो. कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे. कर्जत-३, कर्जत-१८४ यांसारखे वाण तिथून कोकणभर गेले आणि ‘सह्याद्री’ हा संकरित भातही तिथलाच. भिवपुरीच्या टाटा वीजघरातून सुटणारं पाणी पेज नदीत येतं आणि राजनाल्यातून शेतात फिरतं, म्हणून या तालुक्याच्या एका पट्ट्यात उन्हाळी भातही होतं. इतकं चांगलं बियाणं आणि बारमाही पाणी असूनही खाचर टिकत नाही, कारण खाचर पाणी अडवतं या कामाचे शेतकऱ्याला शून्य रुपये मिळतात. त्याने बांध राखला तर फायदा होतो खाली बदलापूरला, कल्याणला. त्याने बांध विकला तर पैसे मात्र त्यालाच मिळतात.

बदलापूर-कल्याणचं नाव घेतलं, ते का हे सांगायला हवं. उल्हास नदी खंडाळा-राजमाचीच्या बाजूने उतरते, कर्जतला येते, पुढे नेरळ-वांगणीच्या बाजूने बदलापूर, उल्हासनगर, कल्याण करत वसईच्या खाडीला मिळते. रेल्वेही तिच्याच खोऱ्यातून येते, कारण सपाट जागा तिथंच आहे. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. रूळ दिसेनासे झाले होते. हजाराहून अधिक प्रवासी कित्येक तास गाडीतच होते आणि त्यांना काढायला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं आली. त्या दिवशीचा पाऊस प्रचंड होता. तो पूर एकट्या बांधकामांमुळे आला असं कुणी म्हणू नये. पण तो कुठल्या जागी पसरला हे लक्षात ठेवावं. ती नदीची पूरभूमी आहे. जलसंपदा विभाग नद्यांना दोन पूररेषा आखतो: २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. या रेषा खोऱ्याच्या त्या वेळच्या स्थितीवर काढलेल्या असतात. वरची हजारो खाचरं भरावाखाली गेली तर तेवढ्याच पावसाला नदी जास्त वेगाने आणि जास्त उंच चढते, आणि कालची निळी रेषा आज जागेवर राहत नाही. नकाशावर मात्र ती तिथंच असते, आणि इमारतीची परवानगी नकाशा पाहून मिळते.

पावसाळा संपल्यावर उलट बाजू सुरू होते. जे पाणी वेगाने निघून गेलं ते मुरलेलं नाही. जानेवारीपासून बंगल्यांच्या बोअरवेल चालू होतात. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दीड मीटर खोल पोहण्याचा तलाव भरायला ७५ हजार लिटर पाणी लागतं. शनिवार-रविवारसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या बंगल्याला तलाव नसेल तर गिऱ्हाईक येत नाही, असं धंद्यातले लोक सांगतात. बोअरवेल दोनशे-तीनशे फूट जाते, वाडीची विहीर तीस फुटांवर संपते. दोघी एकाच भेगांच्या जाळ्याला जोडलेल्या असतील, तर आधी कोण आटणार हे उघड आहे. सांडपाण्याचंही तसंच. सुट्या बंगल्यांना गटार योजना परवडत नाही, म्हणून प्रत्येकाचा सेप्टिक टँक; खडक उथळ असल्याने त्याचं पाणी गाळून निघायला माती पुरत नाही, ते ओहोळात उतरतं. त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस नदीत जातो. खाली मोहने-कांब्याच्या पट्ट्यात उल्हासवर जलपर्णीचा हिरवा थर धरतो, त्याला असं खत वाटेतल्या सगळ्या गावा-शहरांकडून मिळतं. त्याच नदीचं पाणी उचलून अंबरनाथ-बदलापूरपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत लाखो लोक पितात.

आता रस्त्याकडे येऊ. घरं इथं का आली, आणि स्टेशनपासून इतकी लांब का पसरली?

या दोन तालुक्यांना आगगाडी फार लवकर मिळाली. कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंतचा रूळ १८५६ साली सुरू झाला. तेव्हा घाट चढायला रेल्वे नव्हती. प्रवासी खोपोलीला उतरून पालखीने, बैलगाडीने, पायी खंडाळ्याला जात. बोरघाटाचा रूळ १८६३ साली पूर्ण झाला आणि मुख्य मार्ग कर्जतवरून वर गेला. खोपोली फाट्यावरचं शेवटचं स्टेशन झाली. नेरळ-माथेरान छोटी गाडी १९०७ची. रूळ ज्या काळात वस्ती घडवतो त्या काळात घरं स्टेशनभोवती जमतात, कारण माणसाला रोज चालत स्टेशन गाठायचं असतं. जुनं कर्जत, जुनं नेरळ पाहा. दहिवली, मुद्रे, गुंडगे ही गावं कर्जत स्टेशनपासून चालत किंवा रिक्षाने गाठता येतात. मुंबईला रोज जाणारी माणसं तीन-साडेतीन पिढ्या पहाटेची लोकल पकडत आली, आणि त्यासाठी कुणाला मोटार घ्यावी लागली नाही.

चित्र बदललं ते रस्त्याने. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, ९४.५ किलोमीटर लांबीचा, २००२ साली पूर्ण खुला झाला आणि तो खालापूर तालुक्याच्या मधून गेला. २०१३च्या जानेवारीत शासनाने नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी, म्हणजे ‘नैना’साठी, सिडकोला नियोजन प्राधिकरण नेमलं, त्यात कर्जत-खालापूरची गावंही होती; पुढे त्या क्षेत्रात फेरबदल झाले, पण जमिनीच्या बाजारात जी हवा तयार व्हायची ती झाली. १२ जानेवारी २०२४ला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला. ८ ऑक्टोबर २०२५ला विमानतळाचं उद्घाटन झालं. प्लॉटच्या जाहिरातीत आता अंतर किलोमीटरमध्ये कमी आणि मिनिटांत जास्त दिसतं: विमानतळ अमुक मिनिटं, अटल सेतू तमुक मिनिटं.

ही मिनिटांची भाषा नीट समजून घेण्यासारखी आहे. चेझारे मार्केत्ती या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली एक निरीक्षण मांडलं: पायी चालणारा असो की मोटारीचा मालक, माणूस रोजच्या प्रवासाला सरासरी तासाभराचाच वेळ देतो. वेग वाढला की तो वेळ वाचवत नाही. तेवढ्याच वेळात लांब जाऊन राहतो. मुंबईकराचा रोजचा वेळ तासापेक्षा कितीतरी जास्त आहे हे आपण जाणतो, पण तत्त्व इथंही लागू पडतं. रस्ता रुंद झाला की चौक गावाच्या पुढचं खाचर मुंबईपासून पूर्वीइतक्याच मिनिटांवर येतं, आणि त्याच दिवसापासून त्याचा भाव भाताच्या हिशेबात राहत नाही.

मग लोक येतात, गाड्या वाढतात, रस्ता पुन्हा भरतो. जिल दुरांतों आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या शहरांच्या १९८३ ते २००३ या काळातल्या आकडेवारीवर २०११ साली शोधनिबंध लिहिला. महामार्गाच्या मार्गिका जितक्या टक्क्यांनी वाढल्या, जवळपास तितक्याच टक्क्यांनी गाड्यांचे एकूण किलोमीटर वाढले, असं त्यात आढळलं. जोडून आलेल्या सुट्ट्यांच्या शनिवारी सकाळी बोरघाटात अडकलेल्या कुणालाही हे पटेल. वीस वर्षांपूर्वी कोंडी फोडायला केलेल्या रस्त्यावर कोंडी झाली, म्हणून खोपोली ते कुसगाव १३.३ किलोमीटरची नवी जोडवाट हाती घेतली गेली. त्या वाटेने घाटातलं वळण आणि दरडींचा धोका टळतो, तेवढा फायदा खरा आहे. पण ती कोंडीवरचं औषध ठरेल असं मानायला मला आधार दिसत नाही.

आता धूर. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पेट्रोलपेक्षा धुराचं वजन जास्त कसं, असा प्रश्न पडतो. कारण इंधनातला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन स्वतःला जोडून घेतो. समजा कर्जतजवळून मुंबईत शीवपर्यंत एका बाजूचं अंतर साधारण ७० किलोमीटर. जाऊन-येऊन १४०. वाहतूककोंडी धरून गाडी लिटरला १५ किलोमीटर देते असं मानू. म्हणजे रोज ९.३ लिटर आणि साडेएकवीस किलो कार्बन डायऑक्साइड. वर्षाला कामाचे २५० दिवस धरले तर ५.४ टन. भारतात माणशी वर्षाचं सगळं मिळून उत्सर्जन दोन टनांच्या आसपास आहे, त्यात वीज, कारखाने, सिमेंट सगळं आलं. म्हणजे एका माणसाने एकट्याने गाडीतून केलेली रोजची ये-जा अडीच भारतीयांच्या वर्षाएवढी झाली. १ एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनी नव्या गाड्यांची काजळी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड पुष्कळ कमी केले, हे चांगलंच झालं. पण कार्बन डायऑक्साइड गाळता येत नाही. लिटर जळला की तो निघणारच.

खरं सांगायचं तर रोज गाडीने शीवपर्यंत जाणारे कर्जतकर अजून थोडे आहेत. इथली गाडी दोन प्रकारची. एक, चौक-खालापूर-रसायनीच्या बाजूने पनवेल, तळोजा, नवी मुंबईकडे रोज जाणारी. दुसरी, शुक्रवारी रात्री मुंबई-ठाण्याहून येऊन रविवारी संध्याकाळी परतणारी. दुसऱ्या प्रकारात घर आठवड्यातले पाच दिवस कुलपात असतं. त्याच्यासाठी खाचर भरलं, रस्ता झाला, विजेचे खांब आले, बोअर पडली, आणि ते राहतं ते वर्षातले साठ-सत्तर दिवस. राहत्या घरात एका रात्रीच्या मुक्कामामागे जितकी जमीन जाते, त्याच्या कितीतरी पट इथं जाते. या गणिताची चर्चा फार कमी होते, आणि माझ्या मते या दोन तालुक्यांतली ती सगळ्यात मोठी उधळपट्टी आहे.

विजेवरची गाडी घेतली की प्रश्न सुटतो का? धुराचा बराचसा सुटतो, आणि महाराष्ट्राची वीज कोळशावरून जसजशी सूर्याकडे जाईल तसतसा आणखी सुटेल. पण टायर आणि ब्रेक झिजून उडणारी बारीक धूळ राहतेच, आणि बॅटरीमुळे गाडी जड होते. मुख्य म्हणजे विजेच्या गाडीलाही तेवढाच रुंद रस्ता, तेवढाच भराव आणि तेवढंच पार्किंग लागतं. खाचराला गाडी पेट्रोलवर चालते की विजेवर याने काही फरक पडत नाही.

रस्त्याचं स्वतःचंही पाण्याशी नातं आहे. डांबरी रस्ता खाचरांच्या ओळीला आडवा जातो तेव्हा तो बुटका बंधाराच असतो. पाणी पलीकडे जावं म्हणून खाली मोरी ठेवतात. मोरीचं तोंड त्या वेळच्या पाण्याच्या हिशेबाने ठरतं. वर प्लॉटिंग झालं की तेवढ्याच पावसात जास्त वेगाने पाणी येतं, सोबत मुरूम आणि प्लास्टिक आणतं, आणि मोरी तुंबते. मग रस्ता खचतो, आणि लोकांना वाटतं ठेकेदाराने काम खराब केलं. काही वेळा तसंही असतं. पण कित्येकदा मोरी छोटी नसते, तिच्या वरचा प्रदेश बदललेला असतो.

लोकलशी तुलना करू. महामार्गाची एक मार्गिका चांगल्या दिवशी तासाला सुमारे दोन हजार गाड्या नेते. गाडीत सरासरी दीड माणूस धरला तर तीन हजार माणसं. गर्दीच्या वेळी बारा डब्यांची एक लोकल याहून जास्त माणसं एकाच फेरीत नेते. ती गर्दी अमानुष आहे, तिचं कौतुक करण्यासारखं काही नाही. पण निम्म्याच माणसांनी दाटी न करता जावं म्हटलं तरी दोन लोकल एका मार्गिकेचं तासाभराचं काम करतात, आणि नव्या लोकल तर ब्रेक लावताना थोडी वीज तारेत परत पाठवतात. रुळाखाली जाणारी जमीनही सहा पदरी रस्त्याच्या मानाने थोडी.

याच दृष्टीने पनवेल-कर्जत उपनगरी मार्गिकेकडे पाहायला हवं. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यातली ही २९.६ किलोमीटरची दुहेरी मार्गिका चिखले, मोहोपे, चौक या स्टेशनांवरून जाते. नढाळ, किरवली आणि वावर्ले असे तीन बोगदे तिच्यासाठी खोदले. त्यांतला वावर्ल्याचा २,६२५ मीटरचा आहे. या मार्गिकेविना खालापूरच्या माणसाला उपनगरी गाडी हवी तर कर्जत किंवा खोपोली गाठावी लागते, आणि कर्जत-खोपोली हा फाटा एकेरी असल्याने दोन गाड्यांमध्ये मोठा खंड पडतो. त्यामुळे मोटारसायकल किंवा गाडी घेणं हा चैनीचा नव्हे, वेळेचा निर्णय ठरतो. चौकला उपनगरी गाडीचं स्टेशन म्हणजे खालापूर तालुक्याला प्रथमच पनवेलशी थेट, रोजच्या कामाचा रूळ.

पण स्टेशन आलं म्हणजे आपोआप भलं होत नाही. स्टेशनपासून एक किलोमीटरच्या वर्तुळात ३१४ हेक्टर जमीन बसते. त्यातली निम्मी, १५७ हेक्टर, शाळा-बाजार-मोकळी जागा-ओढे यांना सोडली आणि उरलेल्या निम्म्यावर हेक्टरी १०० घरं बांधली, म्हणजे चार-पाच मजली साध्या इमारती, तर १५ हजार ७०० घरं होतात. सगळी स्टेशनपासून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर. तीच १५ हजार ७०० घरं पाच-पाच गुंठ्यांच्या प्लॉटवर पसरवली तर नुसत्या प्लॉटना ७९० हेक्टर जमीन लागते, रस्ते वेगळे. पाचपट भराव. आणि त्यातलं जवळपास कुठलंच घर चालत स्टेशनला जाऊ शकत नाही, म्हणजे प्रत्येक दारात किमान एक गाडी. फरक घर मोठं की लहान याचा नाही. वर्तुळ आधी आखलं की प्लॉट आधी पाडले, एवढाच आहे.

हे आखण्याची वेळ चौक, मोहोपे, चिखले इथं अजून गेलेली नाही. नेरळ-शेलूत ती बरीचशी गेली. तिथं इमारती स्टेशनजवळ आल्या खऱ्या, पण काही ठिकाणी ओढ्यांच्या काठावर आणि सखल जागेवर. म्हणून स्टेशनजवळ बांधा एवढं म्हणणं पुरत नाही. त्यासोबत तीन गोष्टी लागतात, आणि तिन्ही आजच्या यंत्रणेतच शक्य आहेत. गाव नकाशावर जे ओढे-ओहोळ आहेत ते प्लॉटच्या आराखड्यात जसेच्या तसे राहिले पाहिजेत, त्यांना वळवून सिमेंटच्या पाइपात घालता कामा नये. बांधकामाची परवानगी देताना त्या जमिनीने पूर्वी जेवढं पाणी थोपवलं तेवढं थोपवण्याची जागा, तळं असो की खोलगट मैदान, आतच करून घ्यायला लावावी; गुंठ्याला १० हजार लिटर हा आकडा कुणीही मोजू शकतो. आणि पावसाळी पुराच्या रेषा वरचं खोरं बदलल्यावर पुन्हा काढाव्यात.

मोटारीशिवाय गाव चालतं का, असा प्रश्न कुणाला पडला तर माथेरान कर्जत तालुक्यातच आहे. २००३ साली माथेरान आणि भोवतालच्या सुमारे २१५ चौरस किलोमीटरला पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा दर्जा मिळाला. गावात मोटारी जात नाहीत, दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथले हाल मी विसरत नाही: आजाऱ्याला खाली आणणं, सामान वाहणं, माणसाने ओढाव्या लागलेल्या रिक्षा. पण इतकी वर्षं तिथं शाळा, दवाखाना, बाजार, हॉटेलं गाडीविना चालली आहेत. चौकच्या स्टेशनवर उतरणाऱ्याला त्याच्या तुलनेत फार थोडं लागेल. दर लोकलला जोडलेली एसटीची मिनीबस किंवा सहा आसनी रिक्षा, पाऊस लागणार नाही असा चालायचा रस्ता, सायकल-मोटारसायकल ठेवायला जागा. कर्जत आगाराच्या फेऱ्या लोकलच्या वेळेला बांधल्या तरी कशेळे, कडाव, कळंबच्या पोरांना कॉलेजसाठी मोटारसायकल घ्यावी लागणार नाही.

आणि ज्यांना इथं जमीन घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी एक साधी सूचना. जागा पाहायला डिसेंबरात जाऊ नका. तेव्हा सगळं कोरडं आणि सुंदर असतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, जोराचा पाऊस चालू असताना जा. प्लॉटवर उभे राहू नका, त्याच्या खालच्या खाचरात उतरा आणि तिथं आवणी करत असलेल्या माणसाला विचारा, की हा भराव झाल्यापासून त्याच्याकडे किती पाणी येतं.